अर्ध्या मिनिटाचा हिशेब

पुसदच्या आकाशातून विमान जातं तेव्हा ते बहुधा दहा-अकरा किलोमीटर उंचीवर असतं. त्याचा आवाज जमिनीवर पोचायला तीस सेकंदांच्या आसपास वेळ लागतो आणि तेवढ्यात ताशी ९०० किलोमीटर वेगाने ते सात-आठ किलोमीटर पुढे निघून गेलेलं असतं. आवाजाच्या दिशेने मान वर केली तर तिथे काहीच दिसत नाही. विमान शोधायचं तर नजर पुढे, डोंगराच्या दिशेला न्यावी लागते. पुण्यातल्या लोहगावात तीनशे मीटरवरून लढाऊ विमान गेलं की आवाज आणि विमान यांच्यात सेकंदाचंही अंतर राहत नाही. पुसदचं घर सोडून लोहगाव, धानोरी, टिंगरेनगर, विमाननगर किंवा वाघोलीत राहायला जाणाऱ्या कुटुंबाच्या आयुष्यातला पहिला मोठा बदल हा असतो आणि त्याबद्दल त्यांना आधी कोणी सांगितलेलं नसतं.

पुसदची माणसं तिकडे का जातात, हे उघड आहे. बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून पुसदमध्ये अभियंते घडवतंय. त्यातल्या अनेकांना नोकरी मिळते ती पुण्यात. खराडीचे आयटी पार्क, येरवडा आणि विमाननगरची ऑफिसं, ही सगळी पुण्याच्या पूर्व बाजूला. ऑफिसजवळ घर बघायचं म्हटलं की बोट नकाशावर फिरत फिरत लोहगावच्या धावपट्टीभोवती येतं. मग मुलगा स्थिरस्थावर होतो, आईबाबांना बोलावतो, घरात बाळ येतं आणि भाड्याच्या घराऐवजी स्वतःच्या फ्लॅटचा विचार सुरू होतो.

लोहगाव हे तुकाराम महाराजांचं आजोळ. इथल्या हवाई तळाची उभारणी १९३९ सालची. दुसऱ्या महायुद्धात मुंबईचं आकाशातून रक्षण करायचं, हे त्याचं पहिलं काम. त्या वेळी आजूबाजूला शेतं आणि माळरान होतं. लोहगावचा उरलेला भाग पुणे महापालिकेत आला तो थेट २०१७ मध्ये. तळ आधी आला, सोसायट्या खूप नंतर आल्या. त्यामुळे विमानांनी उडू नये, असं म्हणण्याचा अधिकार नंतर आलेल्यांना आहे असं मला वाटत नाही. पण आपण कशाच्या शेजारी राहायला जातोय, हे आधी आकड्यांत कळण्याचा अधिकार मात्र प्रत्येकाला आहे.

तर आकडे. भारतात सुखोई-३० हे लढाऊ विमान पहिल्यांदा दाखल झालं ते १९९७ मध्ये, लोहगावलाच. पुढची एमकेआय आवृत्ती २७ सप्टेंबर २००२ रोजी आली, तीही इथेच. हवाई दलाने अशी २७२ विमानं मागवली आणि त्यातली २२२ नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात बांधली गेली. लांबी सुमारे २२ मीटर, पंखांचा पसारा पावणेपंधरा मीटर. रिकाम्या विमानाचं वजन १८ टनांहून जास्त, आणि इंधन-शस्त्रांसह कमाल वजन ३८.८ टन. डिसेंबर २०२४ मध्ये संरक्षण मंत्रालयाने आणखी १२ विमानांचा करार केला तो सुमारे १३,५०० कोटी रुपयांचा. म्हणजे सोबतच्या सामग्रीसह एका विमानामागे अकराशे कोटींच्या वर.

वेगाचा अंदाज पुसदवरूनच घेऊ. पुसद ते लोहगाव हे सरळ रेषेतलं अंतर चारशे किलोमीटरांच्या थोडं वर भरतं. ट्रॅव्हल्सने जायचं तर रात्र मोडावी लागते. आवाजाला हेच अंतर कापायला वीस मिनिटं लागतील. उंचावर ताशी २१०० किलोमीटर वेग गाठणारं सुखोई ते बारा मिनिटांत कापेल. म्हणजे लोहगावात झालेला आवाज, तो तेवढा टिकला असता तर, पुसदला पोचण्याआधी आठ मिनिटं विमान पोचलेलं असेल.

या वेगाची किंमत इंधनात मोजली जाते. सुखोईच्या पोटात ९,६४० किलो इंधन मावतं, सुमारे बारा हजार लिटर. त्याची दोन इंजिनं मिळून २५ टनांचा रेटा देतात, पण तो आफ्टरबर्नर पेटवल्यावर. इंजिनातून निघणाऱ्या तापलेल्या झोतात पुन्हा इंधन फवारून ते पेटवणं म्हणजे आफ्टरबर्नर. रेटा एकदम वाढतो आणि इंधनाचा खर्च त्याहून जास्त वाढतो. जमिनीलगत दोन्ही इंजिनांचे आफ्टरबर्नर पूर्ण चालू असले तर मिनिटाला सुमारे ८०० किलो इंधन जळतं. या हिशेबाने सगळी टाकी बारा मिनिटांत रिकामी होईल. त्यातून निघणारी उष्णता ५०० मेगावॅटच्या वर जाते. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रातला ५०० मेगावॅटचा एक संच तेवढी वीज देण्यासाठी साधारण अडीचपट उष्णता निर्माण करतो. म्हणजे जोडीने उडणारी दोन सुखोई काही सेकंदांपुरती त्या अख्ख्या बॉयलरच्या जवळ पोचतात.

टाकी बारा मिनिटांत संपवून चालणार नाही, म्हणून वैमानिक आफ्टरबर्नर मोजून वापरतो. तो लागतो मुख्यतः उड्डाणाच्या वेळी, जड विमान जमिनीवरून उचलताना. विमान सर्वांत जास्त आवाज करतं ते नेमकं वस्तीच्या सर्वांत जवळ असताना, याचं कारण हे आहे. उंचावर गेल्यावर त्याच विमानाचा आवाज पुष्कळ खाली येतो, पण त्या वेळी ते दौंडच्या किंवा आणखी कुठल्या शिवारावर असतं.

आता आवाजाकडे. इथे नेहमीचं गणित लागू पडत नाही, म्हणून नीट समजून घ्यायला हवं. डेसिबल ही पट्टी गुणाकाराने चढते. १० डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते, २० वाढले की शंभरपट, ३० वाढले की हजारपट. घरातलं साधं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास असतं. भारतात २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. धावपट्टीच्या जवळपास लढाऊ विमानाचा आवाज शंभरी सहज ओलांडतो. ११५ धरला तर ५५च्या मर्यादेहून तो ६० डेसिबलने जास्त, म्हणजे ऊर्जेच्या हिशेबाने दहा लाखपट. कानाला तो दहा लाखपट मोठा वाटत नाही. दर १० डेसिबलला साधारण दुप्पट वाटतो, म्हणजे चौसष्टपट. निसर्गाने कान असा घडवला आहे की जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजापासून १२० डेसिबलपर्यंत, एकास एक लाख कोटी एवढ्या फरकाच्या ऊर्जा तो एकाच पडद्यावर पेलतो.

आणि तरीही १२० डेसिबलच्या गर्जनेत हवेचा दाब बदलतो किती? अवघा २० पास्कल. आपल्याभोवतीच्या हवेचा दाब समुद्रसपाटीला १,०१,३२५ पास्कल असतो. म्हणजे खिडक्या थरथरवणारा, पाळण्यातल्या बाळाला दचकवणारा तो आवाज म्हणजे हवेच्या दाबात पाच हजारांतल्या एका भागाची हालचाल. माणसाचा कान किती नाजूक यंत्र आहे, याची जाणीव मला या एका आकड्याने जितकी होते तितकी दुसऱ्या कशानेही होत नाही.

आता या लेखातला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा हिशेब. आवाजाचे नियम सरासरीवर चालतात. व्यस्त नागरी विमानतळांभोवतीच्या पट्ट्यासाठी २०१८ मध्ये केंद्र सरकारने दिवसा ७० आणि रात्री ६५ डेसिबल सरासरीची मर्यादा ठरवली. दिवस म्हणजे सकाळी सहा ते रात्री दहा, सोळा तास, ५७,६०० सेकंद. समजा या सोळा तासांत एकदाच, फक्त ३० सेकंद, तुमच्या गच्चीवर १०५ डेसिबलचा आवाज आला आणि उरलेला सगळा वेळ पूर्ण शांतता होती. मग दिवसाची सरासरी किती? ७२ डेसिबल. एका अर्ध्या मिनिटाने अख्ख्या दिवसाची मर्यादा ओलांडली. असे चार आवाज झाले तर सरासरी ७८. उलट, त्याच दिवशी तुम्ही सकाळी दहा ते संध्याकाळी पाच त्या गच्चीवर बसलात आणि ते अर्धं मिनिट नेमकं चुकलं, तर तुम्ही ठामपणे सांगाल की इथे तर काहीच आवाज नाही. खोटं कोणीच बोललेलं नसेल.

म्हणूनच रविवारी फ्लॅट बघण्याची पद्धत मला धोक्याची वाटते. पुसदहून शनिवारी रात्री ट्रॅव्हल्समध्ये बसायचं, रविवारी सकाळी पुण्यात उतरायचं, मुलाबरोबर तीन-चार साइट बघायच्या, संध्याकाळी टोकन द्यायचं आणि रात्रीच्या गाडीने परत, असाच बहुतेकांचा बेत असतो, कारण सुट्टी तेवढीच मिळते. पण लढाऊ विमानांचा सराव मुख्यतः कामाच्या दिवशी चालतो. रविवारी कानावर येतात ती प्रवासी विमानं, इंडिगो आणि एअर इंडियाची. ती लोहगावहून दिवसाला दोनशेच्या आसपास उतरतात आणि उडतात. त्यांचा आवाज वेगळा, चढत जाणारा, आधी सूचना देणारा. लढाऊ विमानाचा आवाज एकदम फुटतो. प्रवासी विमान ऐकून लढाऊ विमानाचा अंदाज बांधता येत नाही. रविवारचा नमुना घेऊन सोमवारचं आयुष्य विकत घेणं, हा त्या व्यवहारातला सर्वांत महाग भाग आहे.

घर किती दूर घ्यावं? अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. ३०० मीटरवर ११० असेल तर ६०० मीटरवर १०४, १,२०० मीटरवर ९८, अडीच किलोमीटरवर ९२. हवा आणि इमारती यात आणखी थोडी घट करतात. म्हणजे धावपट्टीपासून एक किलोमीटर मागे सरकण्याने जवळ असताना खूप फरक पडतो, पण चार किलोमीटरवरून पाचवर गेल्याने फारसा पडत नाही. अंतरापेक्षा दिशा जास्त महत्त्वाची आहे आणि ती धावपट्टीवरच रंगवलेली असते. लोहगावच्या धावपट्टीचे आकडे १० आणि २८. त्यांच्यापुढे शून्य लावा: १०० अंश आणि २८० अंश. १०० म्हणजे पूर्वेला, किंचित दक्षिणेकडे झुकलेली दिशा. २८० म्हणजे बरोबर उलट, पश्चिमेची. ती रेषा पूर्वेला वाघोलीच्या बाजूला आणि पश्चिमेला टिंगरेनगर-विश्रांतवाडीच्या बाजूला जाते. मोबाइलवरच्या नकाशात अडीच किलोमीटरची ती पट्टी दोन्हीकडे वाढवा आणि आपली सोसायटी रेषेच्या खाली येते की बाजूला, हे बघा. प्रवासी विमान उतरताना तीन अंशांच्या उताराने खाली येतं. टेकण्याच्या जागेपासून दर किलोमीटरला त्याची उंची सुमारे ५२ मीटर धरली तर पाच किलोमीटरवर ते २६० मीटरवर असतं. वीस मजली इमारतीची उंची ६० मीटर भरते. रेषेखालच्या विसाव्या मजल्यावरच्या बाल्कनीपासून विमान दोनशे मीटरवरून जाणार.

खिडक्यांबद्दल बिल्डर भरभरून बोलतात. साधी सरकती अॅल्युमिनियमची खिडकी फटीतून आवाज आत सोडते. बंद साध्या खिडकीने वीस-पंचवीस डेसिबल कमी होतात, नीट बसवलेल्या दुहेरी काचेने तीस किंवा थोडे जास्त. १०५चे ७५ झाले तर तो मोठाच फरक आहे. पण उन्हाळ्याच्या संध्याकाळी खिडकी उघडली की त्यातला बराचसा फायदा गेला, आणि बाल्कनीला काच लागत नाही.

या आवाजाने माणूस बहिरा होईल का? अमेरिकेतली कामगारांच्या आरोग्याची संस्था नायॉश ८५ डेसिबलला आठ तास सुरक्षित मानते आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करते. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं, ११५ला अठ्ठावीस सेकंद. घरातल्या माणसाला त्यामुळे बहिरेपणाची भीती फारशी नाही. खरी झळ बसते ती झोपेला, तान्ह्या बाळाला आणि शाळेच्या पोरांना. लंडनच्या हीथ्रो, अॅमस्टरडॅमच्या स्किफोल आणि माद्रिदच्या बाराखास विमानतळांभोवतीच्या ८९ शाळांतल्या ९-१० वर्षांच्या २,८४४ मुलांचा अभ्यास २००५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. शाळेतला विमानांचा आवाज ५ डेसिबलने वाढला की ब्रिटनमधल्या मुलांचं वाचन दोन महिन्यांनी मागे पडलेलं दिसलं. ते नागरी विमानतळ होते. म्हणून फ्लॅट बघायला जाल तेव्हा मुलाची शाळाही त्या रेषेवर बघा. घरात डबल ग्लास बसवता येते, वर्गात आपल्या हाती काही नसतं.

आता उंचीचे नियम, कारण यात पैसा अडकतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार धावपट्टीच्या टोकापलीकडे ६० मीटरवर एक काल्पनिक उतार सुरू होतो, दर ५० मीटरला एक मीटर चढणारा. टोकापासून एक किलोमीटरवर त्याची उंची १९ मीटरच भरते, म्हणजे जेमतेम सहा मजले. विमानतळाच्या भोवतालच्या चार किलोमीटरांच्या पट्ट्यात मर्यादा ४५ मीटरची, पंधरा मजल्यांची. पण ही उंची तुमच्या प्लॉटच्या जमिनीपासून मोजत नाहीत, विमानतळाच्या उंचीपासून मोजतात. लोहगाव विमानतळ समुद्रसपाटीपासून ५९२ मीटरवर आहे. ५९२ अधिक ४५ म्हणजे ६३७. आता समजा तुमची सोसायटी चढावर, ६१० मीटरवर आहे. मग तिला उरले २७ मीटर, नऊ मजले. बिल्डर बारा मजल्यांचं चित्र दाखवत असेल तर वरचे तीन मजले कागदावर कुठून आले, हे विचारायलाच हवं. लोहगाव हा लष्करी तळ असल्याने उंचीचं ना-हरकत हवाई दल देतं आणि त्यात आकडा समुद्रसपाटीपासूनचा असतो. तो आकडा वाचता आला पाहिजे. याशिवाय संरक्षण आस्थापनांसाठीच्या १९०३च्या कायद्याखाली तळाच्या हद्दीलगत १०० मीटरपर्यंत बांधकामावर निर्बंध येतात. दारूगोळ्याच्या कोठाराभोवती हे अंतर किती ताणलं जातं, याचं उदाहरण गुरुग्रामचं आहे: तिथे हवाई दलाच्या कोठाराभोवती ९०० मीटरच्या पट्ट्यात हजारो घरं वर्षानुवर्षं अडकली.

तळाचा मालक हवाई दल आहे, हे पुसदला येण्यासाठी विमानाने नांदेड किंवा नागपूरला ये-जा करणाऱ्यांनाही लक्षात ठेवावं लागतं. धावपट्टीच्या दुरुस्तीसाठी २६ ऑक्टोबर २०२० पासून वर्षभर रात्री आठ ते सकाळी आठ उड्डाणं बंद होती आणि १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ हे चौदा दिवस पुण्याहून एकही प्रवासी विमान उडालं नाही.

कचऱ्याचा प्रश्नही इथे विमानाचा प्रश्न होतो. विमान नियमावलीचा ९१ वा नियम विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत उघड्यावर कत्तल करायला आणि कचरा टाकायला मनाई करतो, कारण त्यावर घारी येतात. पाऊण किलोची घार ताशी ३०० किलोमीटरच्या विमानावर आदळली तर क्विंटलभर कापसाचं बोचकं अडीच मीटरवरून टाकल्याइतका धक्का बसतो. वेग दुप्पट झाला की धक्का चौपट. सोसायटीच्या कोपऱ्यावर उकिरडा दिसला तर तो वरच्या दोन वैमानिकांच्या जिवाशी जोडलेला आहे, असं समजून तक्रार करावी.

अपघातांचं भय किती धरायचं? १४ ऑक्टोबर २०१४ रोजी लोहगावचं सुखोई थेऊरजवळ शेतात कोसळलं. ४ जून २०२४ रोजी नाशिक जिल्ह्यात निफाडच्या शिरसगावजवळ एक कोसळलं. दोन्ही वेळा वैमानिक बाहेर पडले आणि बचावले. अमेरिकेत लष्करी तळांभोवती १९७३ पासून असा धोका आणि आवाज मोजून नकाशे काढतात. हवाई दलाच्या धावपट्टीच्या टोकापासून १५,००० फूट, म्हणजे साडेचार किलोमीटरपर्यंत, तीन टप्प्यांत पट्टे आखतात आणि कुठे शाळा-रुग्णालय नको, हे सांगतात. व्हर्जिनिया बीच या शहरात तर घर विकणाऱ्याला ते कोणत्या पट्ट्यात येतं, हे लेखी द्यावं लागतं. जपानमध्ये ओकिनावाच्या कादेना तळाभोवतीच्या सुमारे २२,००० रहिवाशांना २०१७ मध्ये कोर्टाने ३०.२ अब्ज येन भरपाई मंजूर केली. त्या वेळच्या दराने सतराशे कोटी रुपयांहून जास्त.

मला कोर्टाची वाट नको आहे. लोहगावचा तळ देशाला हवा आहे. २००६ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम आणि २००९ मध्ये राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील इथूनच सुखोईत बसून उडाले, दोघंही वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी. वर जो मुलगा किंवा मुलगी बसलेली असते तिच्या अंगावर वळणात स्वतःच्या वजनाच्या नऊपटीपर्यंत भार येतो. सत्तर किलोच्या माणसाला ६३० किलो. तिचा सराव थांबावा, असं आपल्यापैकी कोणालाच वाटणार नाही.

पण पुणे महापालिकेने आणि हवाई दलाने मिळून लोहगावभोवतीचा आवाजाचा नकाशा लोकांसमोर ठेवावा आणि महारेराने तो प्रत्येक प्रकल्पाच्या कागदपत्रांत सक्तीने जोडायला लावावा, ही मागणी रास्त आहे. ती आपल्या आमदार-खासदारांकडे लावून धरायला पुसदच्या माणसालाही हक्क आहे, कारण त्याच्या लेकराचं घर तिथे होतंय. तोवर टोकन देण्याआधी दोन कामं करा. हवाई दलाच्या ना-हरकतीची प्रत मागून घ्या, त्यातला समुद्रसपाटीपासूनचा आकडा आणि प्लॉटची उंची एका कागदावर मांडा. आणि मुलाला सांगा, एक दिवस रजा टाक, मंगळवारी किंवा बुधवारी त्या गच्चीवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत थांब आणि मगच आम्हाला बोलाव.